दवाखान्याची मागची बाजू

शाळा तपासणीची गाडी गावात आली की सगळ्यात आधी उतरतो तो वजनकाटा. मग उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, दंडाचा घेर मोजायची टेप, टॉर्च, लहान मुलांचा बीपीचा पट्टा, गोळ्यांची खोकी आणि रजिस्टरांचा गठ्ठा. डॉक्टर सगळ्यात शेवटी उतरतात. हे सगळं सामान उतरवणारा, ज्याला पोरं 'काटेवाले सर' म्हणतात, तो मी. हुद्दा औषध निर्माण अधिकारी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष आणि एक महिला, बहुतेक आयुर्वेदाचे. त्यांच्याबरोबर एक सिस्टर आणि एक फार्मासिस्ट. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला हा कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची पोरं तपासायची, अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता, वाढीतला उशीर हे हुडकायचं आणि पुढे पाठवायचं, एवढं आमचं काम. 'मुलांना वैद्यकीय क्षेत्राची ओळख करून द्या' हे आमच्या कामाच्या यादीत कुठेच नाही. पण चार माणसं यंत्रं घेऊन वर्गात बसली की पोरांचे प्रश्न सुरू होतात, आणि गोळ्यांचा हिशेब करता करता उत्तरं द्यायचं काम फार्मासिस्टकडेच येतं, कारण डॉक्टरांच्या कानात तेव्हा स्टेथोस्कोप असतो.

आमचा पट्टा अंबड तालुक्यातला. वडीगोद्री, शहागड, गोदाकाठची गावं आणि त्यातच अंतरवाली सराटी. ऊस, कापूस, मोसंबी. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत अंतरवालीला जायचं म्हटलं तर जालन्यातला माणूससुद्धा विचारायचा, कोणती अंतरवाली? २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि मग धुळे-सोलापूर रस्त्यावरून वडीगोद्रीला वळणाऱ्या प्रत्येक गाडीवर कुठल्या ना कुठल्या चॅनेलचं नाव दिसू लागलं. ते पहिलं उपोषण १४ सप्टेंबरला सुटलं. त्यानंतरही उपोषणं होत राहिली. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही, तो माझा प्रांत नाही. मी सांगतो ते त्या गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या सहावी-सातवीच्या पोरांचं.

त्या पोरांनी एक गोष्ट पाहिली जी शहरातल्या डॉक्टरांच्या घरातली मुलंही सहसा पाहत नाहीत. एका माणसाची तब्येत दिवसेंदिवस उघड्यावर, सगळ्यांसमोर मोजली जात होती. आरोग्य पथक यायचं, पट्टा दंडाला बांधायचं, बोटाला टोचून साखर बघायचं. बाहेर येऊन आकडे सांगितले जायचे आणि पाच मिनिटांत ते टीव्हीवर दिसायचे. पाणी घेतलं का, सलाईन लावू दिलं का, तपासणीला नकार दिला का, यावर पारावर चर्चा. पुढच्या तपासणीला आम्ही त्या भागातल्या एका शाळेत गेलो तर सातवीतल्या एका पोराने मलाच विचारलं, "सर, उपाशी माणसाच्या लघवीत किटोन येते, तर मग उपवासाला आईच्या बी येत असंल ना?" मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, येतात, थोडे येतात, आणि मग पाटीवर चरबी, साखर आणि यकृत काढून पंधरा मिनिटं समजावत बसल्या. त्या दिवशी आमची तपासणी उशिरा संपली. ड्रायव्हरला राग आला, बाकी कुणाला नाही.

त्याच शाळेच्या मागच्या बाजूला मधल्या सुट्टीत एक खेळ चालायचा. एक पोरगा चिंचेखाली आडवा. दुसऱ्याच्या हातात सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तो बीपीचा पट्टा. तिसरा काठीला मोजा बांधून माईक करतो. चौथा गर्दी आवरतो. ट्यूबवाला म्हणतो, साखर कमी झालीय, सलाईन घ्यावं लागंल. आडवा पडलेला म्हणतो, नाही. गर्दी घोषणा देते. मी कौतुकाने विचारलं, डॉक्टर कोण कोण होतं यातलं? कुणी पुढे येईना. आडवं पडायला आणि माईक धरायला रांग. ट्यूब बांधायचं काम मात्र ज्याच्यावर राज्य येईल त्याचं. शेवटी एक जण म्हणाला, "डॉक्टरचं कुणी ऐकतच नाही सर, कामून व्हायचं?"

हा किस्सा मी आमच्या बैठकीत सांगितला तर सगळे हसले. मला मात्र त्यात बरंच काही दिसलं होतं. पोरांना डॉक्टर दिसतो तो असा, क्षणभर येणारा, आकडा सांगून जाणारा. त्या आकड्यामागे काय काय असतं, पट्टी कुठून येते, यंत्र बरोबर दाखवतंय हे कोण तपासतं, सलाईनची बाटली कुणाच्या सहीने कपाटातून निघते, हे त्यांना दिसलेलंच नसतं. दवाखान्याची पुढची बाजू सगळ्यांनी पाहिलेली, मागची कुणीच नाही.

आता मार्गदर्शनाचे कार्यक्रम होत नाहीत असं नाही. चिक्कार होतात. 'वैद्यकीय क्षेत्रातील संधी' असा फलक, हार, नारळ, पाहुण्यांना फेटा. एका ठिकाणी, नाव कशाला घ्या, पाहुणे दीड तास उशिरा आले. पोरं उन्हात बसलेली. पाहुण्यांनी आल्या आल्या विचारलं, कोण कोण डॉक्टर होणार? सगळे हात वर. हात वर केल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही हे पोरांना पाठ आहे. मग पाहुण्यांनी स्वतः किती कष्टात शिकले ते सांगितलं, तेही खरं होतं, आणि मोबाईल वाईट आहे यावर शेवट केला. चहाच्या वेळी मी हात वर केलेल्या एका मुलीला विचारलं, डॉक्टर व्हायला काय करावं लागतं? ती म्हणाली, "पैशे लागतात." ही सहावीतली मुलगी. तिला 'नीट' परीक्षा माहीत नव्हती, पण किंमत माहीत होती.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, एक चांगली गोष्ट लिहिलेली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न आणता गावातल्या कामाच्या माणसांकडे जाऊन काम पाहायचं, हाताने करायचं. सुतार, माळी, कुंभार वगैरे. भोपाळच्या व्यावसायिक शिक्षण संस्थेने त्याच्या मार्गदर्शक सूचनाही जुलै २०२४ मध्ये काढल्या. आपल्या राज्यात त्याच वर्षी 'आनंददायी शनिवार' आला. फी नाही, बस नाही, प्रवेश परीक्षा नाही. कागदावर यापेक्षा स्वस्त करिअर मार्गदर्शन सापडायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी तो कागद मनावर घेतला आणि फोन केला, "तुमचा दवाखाना दाखवता का पोरांना?"

परवानगीची कथा वेगळीच. एका साहेबांचं म्हणणं, पोरांना संसर्ग झाला तर? दुसऱ्यांचं, पोरांनी काही उचललं तर? तिसऱ्यांनी विचारलं, फोटो कोण काढणार? शेवटी अटी ठरल्या. वॉर्डात जायचं नाही, पेशंटशी बोलायचं नाही, प्रसूतीच्या खोलीकडे फिरकायचं नाही. म्हणजे पुढची सगळी बाजू बंद. उरली मागची. मनातल्या मनात मी म्हटलं, बरंच झालं.

पहिली थांबायची जागा लसीचा फ्रिज. साधा फ्रिज नव्हे, आयएलआर, वरून उघडतो, पेटीसारखा. झाकण उघडून जरा वेळ हात आत धरला की कळतं, हा बर्फाचा नाही, गारव्याचा डबा आहे. दोन ते आठ अंश. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचा, सुट्टी असो, पोळा असो. सिस्टरनी एक बाटली काढून पोरांना दाखवली. बाटलीवर छोटासा जांभळट गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चालते. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि दोन्हींचा रंग एक झाला की बाटली बाद. "म्हंजे हिला ऊन लागलं का ते हिच्याच अंगावर लिहून येतंय," एक पोरगी म्हणाली. नंतर तिने प्रत्येक बाटलीचा चौकोन बघायची मागणी केली. सिस्टरनी बघू दिलं. मग बर्फाच्या पाकिटांची पाळी. लसीच्या डब्यात टाकायची पाकिटं फ्रीझरमधून काढून तशीच भरत नाहीत. टेबलावर ठेवायची, घाम येऊ द्यायचा, कानाशी धरून हलवायची. आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की मग डब्यात. नाहीतर काही लसी गोठतात, आणि गोठलेली लस दिसायला चांगली असली तरी निकामी असते. तीसेक पोरं पाकिटं कानाशी धरून उभी. बाहेरून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, मोबाईल वाटले का काय पोरांना?

प्रयोगशाळेत गंमत झाली. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच लावलेली. प्रत्येकाने डोळा लावायचा आणि काय दिसलं ते सांगायचं. पहिल्या सात-आठ जणांनी आळीपाळीने सांगितलं, काळ्या काळ्या काड्या दिसतात, वाकड्या. तंत्रज्ञ चक्रावले, मलेरियाची काच नाही, नेहमीचीच, काड्या कुठल्या? स्वतः पाहिलं तर सगळं ठीक. नंतर उलगडा झाला, पोरं आपल्याच पापण्यांचे केस बघत होती. डोळा फार जवळ नेला की तेच होतं. तंत्रज्ञ म्हणाले, "पहिल्या वर्षी आम्हीपण हेच लिहिलं होतं वहीत." मग त्यांनी पोरांना डोळा किती लांब धरायचा ते दाखवलं, आणि एकेकाच्या तोंडून 'आरं' निघू लागलं. गुलाबी चकत्या, मधे फिकट. एकाने विचारलं, "ह्या एकाच थेंबात एवढ्या?" आणि मोजायला सुरुवात केली. त्याला तिथून हलवायला गुरुजींना नाव घेऊन हाक मारावी लागली.

मग हिमोग्लोबिन. बोट टोचून एक थेंब पट्टीवर. ज्याची इच्छा असेल त्यानेच यायचं, घरून चिठ्ठी आणलेली असली तरच. सगळ्यात आधी पुढे आला तो वर्गातला दांडगा गडी, कबड्डीतला. टोचलं, थेंब आला, त्याने थेंबाकडे पाहिलं आणि सरळ खाली. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. सिस्टर मात्र इतक्या शांतपणे खाली बसल्या की बाकीची पोरंही शांत झाली. त्यांनी पोराला सपाट झोपवलं, पाय उचलून स्टुलावर ठेवले, गर्दी मागे सारली. मिनिटभरात गडी डोळे उघडून लाजून हसायला लागला. सिस्टर त्याला म्हणाल्या, आमच्या नर्सिंगच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी तिघी पडल्या होत्या, त्यातली एक आज ऑपरेशन थिएटर सांभाळते. हे ऐकल्यावर दोन मुली पुढे आल्या आणि विचारू लागल्या, पाय कामून उचलायचे, रक्त कुठं जातंय, किती वेळ ठेवायचे. अख्ख्या दिवसात मला सगळ्यात जास्त शिकवणारा तास तो होता, आणि तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

औषधांच्या खोलीत पोरं माझ्या ताब्यात. त्यांना निळी गोळी ओळखीची, दर आठवड्याला शाळेत मिळते ती लोहाची. छोट्या भावंडांना गुलाबी. रंग वेगळे कशाला, हा प्रश्न हमखास येतो. मात्रा वेगळी म्हणून, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. मग मी त्यांना दोन खोकी देतो आणि सांगतो, आधी कोणतं वापरायचं ते ठरवा. पोरं लगेच पुढचं, जवळचं, नवं खोकं उचलतात. मी एक्स्पायरीची तारीख दाखवतो. जी आधी संपणार ती आधी जाणार. जुनं पुढे, नवं मागे. हे पोरांना इतकं पटतं की दुसऱ्या आठवड्यात एका आईने गुरुजींकडे तक्रार केली होती, पोराने घरातल्या मसाल्याच्या डब्यांपासून क्रीमच्या ट्यूबपर्यंत सगळं तारखेने लावून ठेवलंय आणि मला काही सापडेना.

स्टेथोस्कोप हा सगळ्यांचा जीव. पण एका स्टेथोस्कोपमागे तीस पोरं, ती रांग सरेना. शिवाय बहुतेक जण कानात उलटा घालतात. कानात जाणारी टोकं पुढे, नाकाच्या दिशेला हवीत. उलटा घातला की काही ऐकू येत नाही, आणि पोरांना वाटतं समोरच्याचं काळीज बंद आहे. यावर आमच्या डॉक्टरांनी काढलेली युक्ती भारी. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. आवाज आधीपेक्षा स्पष्ट आला. स्टेथोस्कोपचा जन्म तिथला. आमच्या डॉक्टरांनी वहीची मधली जोड पानं काढली, घट्ट सुरळी केली, पंखा बंद करायला लावला. पोरांनी जोडीदाराच्या छातीवर, किंचित डाव्या बाजूला सुरळी टेकवली. मुलींनी मुलींच्या, मुलांनी मुलांच्या. वर्गात एवढी शांतता गुरुजींनी परीक्षेतही पाहिली नसेल. मग एकाएकी सगळे बोलू लागले. एकीच्या मैत्रिणीचं काळीज भरभर पळत होतं, कारण ती नुकतीच लंगडी खेळून आली होती. तिला बसवून परत मोजलं, कमी झालं. खर्च वहीची दोन पानं.

डोळ्यांच्या तक्त्याचा किस्सा जुना आहे पण सांगायलाच हवा. वीस फुटांवर खडूची रेघ मारायची आणि तक्त्यावरच्या 'ई'चे दात कोणीकडे आहेत ते विचारायचं. रांगेत उभी असलेली पोरं पुढच्याची उत्तरं ऐकून सगळा तक्ता पाठ करतात. म्हणून आम्ही मधेच तक्ता उलटा टांगतो. असाच एकदा उलटा टांगला आणि सातवीतला एक जण जुनीच उत्तरं बिनदिक्कत म्हणत गेला. त्याला मोठी अक्षरंसुद्धा दिसत नव्हती. शेवटच्या बाकावर बसायचा, फळ्यावरचं उतरवायचा नाही, म्हणून त्याच्यावर 'ढ' असा शिक्का. घरच्यांनी त्याला जालन्याला नेलं. डोळ्यांसाठी आमच्याकडे जालन्याचं नाव आहेच. महिको कंपनीच्या बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय तिथलं. चष्मा लागला. पुढच्या वर्षी हाच पोरगा माझ्या शेजारी उभा राहून रेघ मारत होता आणि पाठ करणाऱ्यांना पकडून देत होता. त्याने मला विचारलं, चष्म्याचा नंबर काढणारे असतात ते डॉक्टर असतात का? मी सांगितलं, तो वेगळा कोर्स आहे, बारावी सायन्सनंतर ऑप्टोमेट्री. सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी असं पदही असतं. "मंग मी ते," तो म्हणाला, चार आण्याची गोळी मागावी तसं. होईल की नाही कोण जाणे. पण त्याने निवडलेलं काम त्याने आतून पाहिलेलं होतं.

एक प्रश्न मात्र अजून घशात अडकलेला आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर वर्गातली पटसंख्या उतरते, आईबाप ऊसतोडीला जातात आणि सहावी-सातवीच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर. परत आलेली अशी एक मुलगी डॉक्टरीणबाईंजवळ रेंगाळत होती. तिने फडात, कोपीत बाळंतपण पाहिलेलं. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली होती, आली, पण तोवर बाळ झालेलं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, बरीच वर्षं ९३७ गाड्या होत्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर. त्या गाडीतल्या डॉक्टर बाईने नाळेला चिमटे कसे लावले, कापायच्या आधी थोडं थांबल्या, ते हिने हाताने करून दाखवलं, बरोबर. मग म्हणाली, "मपल्या मावशीची पिशवी काढली, ती पण बाई डॉक्टरनीच काढली. मंग बाई डॉक्टर असून बी काढायची का?" शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे आकडे बारा वर्षांच्या मुलीसमोर काय कामाचे? डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, कधी गरज असते, कधी नसते, आणि गरज नसताना नाही म्हणणारी डॉक्टर व्हायचं असतं. गाडीत बसल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

हे वय किती महत्त्वाचं हे आपल्याकडच्या दोन बायकांकडे पाहिलं तरी कळतं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं, आणि डॉक्टर व्हायचा निश्चय त्यातून झाला. रखमाबाईंचं उलट. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे घरातच दवाखान्याची भाषा, घरातच पुस्तकं. त्या लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये परत आल्या, सुरत-राजकोटला अनेक वर्षं काम केलं. एकीला दुःखाने दाखवलं, दुसरीला घराने. ज्यांच्या घरात डॉक्टर नाही आणि ज्यांनी दुःख सोसायची गरज नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाट हवी, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या पायऱ्या आता बऱ्यापैकी आहेत. जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सुरू झाली त्यातलं, शंभर जागांचं. नाहीतर आमच्यासाठी सरकारी मेडिकल म्हणजे संभाजीनगरची घाटी. पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' गरीब पोरांना नीटची तयारी फुकट करून घेते, मेळघाट-गडचिरोलीची पोरं त्यातून एमबीबीएसला लागली. मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ पासून सरकार भरतं. महाकरिअर पोर्टल नववीपासून पुढचं. हे सगळं दहावी-बारावीच्या उंबऱ्यावर उभं आहे. आमच्याकडे बापांना नीटचा कटऑफ तोंडपाठ असतो आणि पोराला एएनएम, जीएनएम, डीएमएलटी, फिजिओथेरपी, एक्स-रे यातलं एक अक्षर माहीत नसतं. सीट मिळाली नाही की सगळंच संपलं असं घर धरून चालतं, कारण दवाखान्यात डॉक्टरशिवाय दुसरं कुणी असतं हे त्या घराने पाहिलेलंच नसतं.

आणि जनावरांचे डॉक्टर? ते आम्ही सगळेच विसरलो होतो. युरोपात म्हणे वैद्यकीयचे विद्यार्थी 'टेडी बेअर हॉस्पिटल' भरवतात, छोटी मुलं आपलं खेळण्यातलं अस्वल तपासायला आणतात. हे मी शिक्षकांना सांगत होतो तर मागून एक जण म्हणाला, सर, मपली शेळी आणू का? आणि आणली. पायाला जखम झालेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर योगायोगाने गावात होते, ते आले, आणि शाळेच्या मैदानात खरोखरचा दवाखाना उभा राहिला. कुणी शेळीचं तोंड धरलं, कुणी पाणी आणलं. जखम धुताना एकही जण बेशुद्ध पडला नाही, कबड्डीवाला गडीसुद्धा. त्यालाच तर शेळीचा मागचा पाय धरायला दिला होता. या पोरांनी २०२२ च्या लम्पीत गोठ्यात लसी टोचताना पाहिल्या होत्या, व्यायलेली गाय पाहिली होती, जार अडकलेला पाहिला होता. माणसाच्या डॉक्टरपुढे गप्प बसणारी पोरं त्या दिवशी पशुवैद्यांना प्रश्न विचारून हैराण करत होती. पशुवैद्यकीलाही नीटच द्यावी लागते आणि परभणीला कॉलेज आहे, हे ऐकून तीन-चार जणांनी वहीत लिहून घेतलं. मार्गदर्शनाच्या फलकावर हा विषय मी कधीच पाहिलेला नाही.

आता वर्गाने पुढच्या खेपेची मागणी नोंदवली आहे, लेखी, सगळ्यांच्या सह्यांनिशी. एक्स-रेची खोली. तंत्रज्ञांनी पहिल्यांदा साफ नकार दिला, आणि तो बरोबरच. यंत्र चालू असताना पोरांना आत सोडता येत नाही, त्यांची बाहेरची लाल दिव्याची शिस्त कडक. बोलता बोलता एक तोड निघाली. यंत्र बंद असताना टेबल दाखवायचं, शिशाचा जाड एप्रन एकेकाने अंगावर घालून बघायचा. जुन्या टाकाऊ फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोडलेलं हाड कुठे आणि सांधलेलं कुठे ते ओळखायचं. फक्त फिल्मवर पेशंटची नावं असतात, ती पोरांच्या हाती जाता कामा नयेत, असं त्यांनी बजावलं. कुणाचा तरी काका, कुणाची तरी आजी निघायची. तेव्हा सध्या नावाच्या पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे आहे. बँडेजच्या कात्रीने फिल्म नीट कापली जात नाही, स्टोअरमध्ये मोठी कात्री मागितली आहे. स्टोअरकीपर म्हणतात, इंडेंट भरा.